चक्रीवादळाचं बुलेटिन आणि समुद्राचा अंदाज: नवख्यांनी कसा वाचावा

एकाच चक्रीवादळाबद्दल एकाच वेळी एक केंद्र ६५ नॉट (ताशी सागरी मैल) वारा सांगतं, दुसरं ७५ सांगतं, आणि दोन्ही बरोबर असतात. नवख्या माणसाला पहिली ठेच बहुधा इथेच लागते. दुसरी लागते लाटेच्या उंचीला आणि तिसरी वेळेला. समुद्री हवामानाची बुलेटिनं लिहिणारे लोक शब्द मोजून वापरतात, आणि त्या शब्दांची मापं वाचणाऱ्याला ठाऊक आहेत असं धरून चालतात. तुम्ही जहाजाच्या ब्रिजवर नुकते रुजू झाला असाल किंवा शिडाच्या बोटीने लांबचा पल्ला मारायच्या तयारीत असाल, ती मापं आधी माहीत करून घ्या.

आणखी एक, जे खाली पुन्हा पुन्हा येईल: उष्णकटिबंधातलं बुलेटिन नुसतं वाचून कळत नाही. ते चार्टवर काढावं लागतं.

जवळ काय हवं

- त्या भागाचा लहान प्रमाणाचा कागदी चार्ट किंवा कोरी प्लॉटिंग शीट
- डिव्हायडर, पॅरलल रूलर, वर्तुळ काढायचा कंपास, २बी पेन्सिल आणि चांगला खोडरबर (चार्टवर बॉलपेन नको)
- यूटीसीवर, म्हणजे जगभर एकच धरलेल्या प्रमाण वेळेवर लावलेलं एक वेगळं घड्याळ
- चूक किती आहे ते तपासलेला बॅरोमीटर
- किनाऱ्याजवळ नॅव्हटेक्स रिसीव्हर (किनाऱ्यावरून रेडिओने येणारे लेखी संदेश घेणारा), खोल समुद्रात सॅटेलाइटवरून सेफ्टीनेटचे, म्हणजे सागरी सुरक्षेचे संदेश घेणारं यंत्र
- ग्रिब फाइल (संगणकी मॉडेलचा जाळीच्या बिंदूंवरचा अंदाज) उघडणारं सॉफ्टवेअर. हे सोयीचं आहे, पण वरच्या कशाचीही जागा घेत नाही
- आणि वही. दर तीन तासांनी दाब, वारा, लाट, ढग यांची नोंद

## १. आधी समुद्र कुणाचा ते पाहा

जागतिक हवामान संघटनेने उष्णकटिबंधातले समुद्र वाटून दिले आहेत. प्रत्येक भागाची अधिकृत जबाबदारी एकाच केंद्राकडे असते.

- अटलांटिक, आणि पूर्व पॅसिफिक १४० पश्चिम रेखांशापर्यंत: मायामी
- १४० पश्चिमपासून १८० रेखांशापर्यंतचा मध्य पॅसिफिक: होनोलुलू
- १८० ते १०० पूर्व, म्हणजे वायव्य पॅसिफिक आणि दक्षिण चीन समुद्र: टोकियो
- बंगालचा उपसागर आणि अरबी समुद्र: नवी दिल्ली
- नैर्ऋत्य हिंदी महासागर, ९० पूर्वच्या पश्चिमेला: ला रेयुनियाँ
- ९० ते १६० पूर्व, विषुववृत्ताच्या दक्षिणेला: मुख्यतः ऑस्ट्रेलिया, वरच्या कडेला जकार्ता आणि पोर्ट मोर्सबी
- त्याच्या पूर्वेला दक्षिण पॅसिफिक, २५ दक्षिणपर्यंत: फिजीतलं नाडी, त्याखाली वेलिंग्टन

याखेरीज अमेरिकी नौदल आणि हवाईदलाचं पर्ल हार्बर इथलं संयुक्त केंद्र, जेटीडब्ल्यूसी, पॅसिफिक आणि हिंदी महासागरातल्या वादळांवर स्वतःची बुलेटिनं काढतं. ती जरूर वाचा, उपयोगी असतात. मात्र ती त्या दलांच्या गरजेसाठी काढलेली असतात. त्या समुद्राची अधिकृत सूचना वर दिलेल्या केंद्राचीच.

हंगामही समुद्रागणिक बदलतो. अटलांटिकचा १ जून ते ३० नोव्हेंबर, पूर्व पॅसिफिकचा १५ मेपासून. ऑस्ट्रेलियाच्या बाजूला १ नोव्हेंबर ते ३० एप्रिल. वायव्य पॅसिफिकला सुट्टीच नाही, तिथे बाराही महिने वादळं होतात आणि जगात सर्वाधिक तिथेच होतात. उत्तर हिंदी महासागराची तऱ्हा वेगळी: मोसमी पावसाच्या आधी एप्रिल ते जून आणि नंतर ऑक्टोबर ते डिसेंबर असे त्याचे दोन भर असतात. भर मोसमात वरच्या आणि खालच्या हवेतल्या वाऱ्यांच्या वेगात एवढा फरक असतो की वादळाचा उभा खांब टिकत नाही.

हंगामाची तारीख म्हणजे दार बंद झाल्याची खूण नव्हे. पाण्याचं तापमान साधारण २६.५ अंशांच्या वर, तेही पहिल्या पन्नासेक मीटर खोलीपर्यंत. वरपासून खालपर्यंत वाऱ्यात फरक कमी. मधल्या थरात दमट हवा. आणि विषुववृत्तापासून पाचेक अंशांचं अंतर. एवढं जमून आलं की वादळ तयार होऊ शकतं. पाच अंशांची अटही कधी मोडते. २००१ च्या डिसेंबरात 'वामेई' सिंगापूरजवळ दीड अंश उत्तरेच्या आसपास तयार झालं होतं.

## २. घड्याळ: माहिती किती शिळी आहे?

बुलेटिनवर दोन वेळा असतात आणि नवखा माणूस त्या एकच समजतो. एक म्हणजे बुलेटिन निघाल्याची वेळ, दुसरी ज्या क्षणाची स्थिती सांगितली आहे ती वेळ. मायामीच्या ॲडव्हायझरी, म्हणजे वादळाची बुलेटिनं, ०३, ०९, १५ आणि २१ यूटीसीला निघतात, पण पुढच्या स्थानांच्या वेळा ००, ०६, १२, १८ यूटीसीच्या हिशेबाने असतात. म्हणजे १५ यूटीसीच्या ॲडव्हायझरीतला '१२ तासांचा' अंदाज प्रत्यक्षात १२ यूटीसीपासून मोजलेला, रात्रीच्या ०० यूटीसीचा असतो. हातात कागद पडला तेव्हापासून बारा तास मोजलेत तर वादळ तीन तास मागे काढाल. १५ नॉटने चालणारं वादळ तीन तासांत ४५ सागरी मैल जातं.

बुलेटिनच्या माथ्यावरचा १७१२०० असा आकडा १७ तारीख, १२०० यूटीसी असा वाचायचा. भारतीय वेळ साडेपाच तास पुढे, त्यामुळे १८ यूटीसीनंतरच्या बुलेटिनमध्ये तारखेची गल्लत ठरलेली. स्थानिक वेळेत रूपांतर करूच नका. चार्टवर आणि वहीत सगळं यूटीसीतच ठेवा. जहाजाचं घड्याळ रेखांशाप्रमाणे पुढेमागे होतं, वादळाचं होत नाही.

संगणकी मॉडेलचे निकाल हाती येईपर्यंत मूळ निरीक्षणांना चार-सात तास उलटलेले असतात. एखाद्या खासगी सेवेने तेच पुन्हा पॅक करून पाठवलं तर आणखी काही तास जातात. २०१५ च्या ऑक्टोबरात 'एल फारो' हे मालवाहू जहाज 'वाकीन' हरिकेनमध्ये ३३ जणांसह बुडालं. कॅप्टन ज्या हवामान-फाइलवर विसंबला होता तिच्यातलं वादळाचं स्थान कित्येक तास जुनं होतं, हे तपासात पुढे आलं. ताजी बुलेटिनं त्याच ब्रिजवर दुसऱ्या यंत्रातून येत होती. म्हणून प्रत्येक कागदावर, प्रत्येक स्क्रीनशॉटवर आधी मूळ निरीक्षणाची वेळ शोधा. ती सापडली नाही तर तो कागद प्लॉटिंगला घेऊ नका.

## ३. वाऱ्याचा आकडा: सरासरी किती मिनिटांची?

सुरुवातीचं कोडं इथे सुटतं. अमेरिकी केंद्रं १ मिनिटाची सरासरी देतात, नवी दिल्ली ३ मिनिटांची, टोकियो, ऑस्ट्रेलिया, रेयुनियाँ आणि नाडी १० मिनिटांची. मिनिटं वाढली की सरासरी खाली येते. एका मिनिटाच्या आकड्याला जुन्या रीतीने ०.८८ ने गुणलं की दहा मिनिटांचा आकडा मिळतो. मोकळ्या समुद्रासाठी नंतर ०.९३ सुचवला गेला. ७५ गुणिले ०.८८ म्हणजे ६६. भांडण मिटलं. दोन केंद्रांच्या आकड्यांची सरासरी मात्र काढू नका, त्याला काहीच अर्थ नसतो.

सरासरी कोणतीही असो, झोतवारे त्याच्या वर जातात. ४० टक्के जास्त धरून चाला. अंदाजात ३० नॉट असेल तर शिडाची आणि दोरांची तयारी ४२ ची हवी.

श्रेणींची नावं हा दुसरा खड्डा. उत्तर हिंदी महासागरात १७ नॉटपासून डिप्रेशन, २८ पासून डीप डिप्रेशन, ३४ पासून चक्रीवादळ, ४८ पासून तीव्र, ६४ पासून अतितीव्र, ९० पासून त्याच्याही वरची पायरी आणि १२० पासून महाचक्रीवादळ. अमेरिकी पाच श्रेणी ६४ नॉटला सुरू होतात. ऑस्ट्रेलियाच्या पाच श्रेणी ३४ नॉटलाच सुरू होतात आणि ६४ नॉट म्हणजे तिथली तिसरी श्रेणी. त्यामुळे 'श्रेणी ३' हे दोन शब्द कोरल समुद्रात एक सांगतात आणि कॅरिबियनमध्ये दुसरं. तिथे तिसरी श्रेणी ९६ नॉटला लागते. श्रेणी विसरा, नॉट लिहा. एक नॉट म्हणजे ताशी १.८५२ किलोमीटर. झटपट हिशेबाला दुप्पट करून थोडं कमी करा.

## ४. बुलेटिनचे तीन भाग

खोल समुद्रासाठी जग २१ मेटएरियांत, म्हणजे हवामान-सूचनांच्या भागांत वाटलेलं आहे. प्रत्येकाचं बुलेटिन दिवसातून किमान दोनदा येतं आणि ठरलेल्या क्रमाने येतं: पहिल्या भागात इशारे, दुसऱ्यात हवेच्या दाबाची एकूण स्थिती, तिसऱ्यात भागवार अंदाज.

घाईत असलेला माणूस थेट तिसऱ्या भागात आपल्या भागाचं नाव शोधतो. तसं करू नका. दुसऱ्या भागात कमी दाबाचं केंद्र कुठे आहे, कुठे सरकतंय आणि भरतंय की खोल होतंय ते असतं. तुमच्या भागाचा अंदाज चुकणार असेल तर तो का आणि कोणत्या बाजूने चुकेल, याचा सुगावा तिथेच लागतो.

'इशारा नाही' याचा अर्थ समुद्र शांत असा नाही. गेलचा इशारा ३४ नॉटला लागतो, म्हणजे ३३ नॉटपर्यंत पहिला भाग कोराच राहू शकतो. छोट्या बोटीला ३३ नॉट म्हणजे काय, हे सांगायला नको. ३४ ते ४७ गेल, ४८ ते ६३ स्टॉर्म, ६४ पासून हरिकेन फोर्स.

समुद्राच्या वर्णनालाही आकडे आहेत. स्लाइट म्हणजे अर्धा ते सव्वा मीटर, मॉडरेट अडीचपर्यंत, रफ चारपर्यंत, व्हेरी रफ सहापर्यंत, हाय नऊपर्यंत. 'मॉडरेट' वाचून हायसं वाटत असेल तर अडीच मीटर आठवा.

नॅव्हटेक्स ५१८ किलोहर्ट्झवर इंग्रजीत येतं, पल्ला साधारण २५० ते ४०० सागरी मैल. संदेशाच्या सांकेतिक क्रमांकातलं दुसरं अक्षर विषय सांगतं: बी म्हणजे हवामानाचा इशारा, ई म्हणजे अंदाज. इशारे यंत्रात बंद करता येत नाहीत, पण ई बंद करता येतो, आणि कागद वाचवायला कुणीतरी तो बंद करून ठेवलेला असतो. जहाजावर चढल्याच्या दिवशीच तपासा. स्टेशनांची निवडही बघून घ्या. मागच्या सफरीची स्टेशनं तशीच राहिली तर यंत्र चालू असूनही कागद कोरा निघतो. सॅटेलाइट रिसीव्हरवर मेटएरिया निवडतानाही हाच घोटाळा होतो.

## ५. लाटेचा आकडा सगळ्यात फसवा

अंदाजातली लाटेची उंची ही सिग्निफिकंट उंची असते, म्हणजे सगळ्यात उंच एक तृतीयांश लाटांची सरासरी. अंदाज ३ मीटरचा असेल तर तुमच्या वाट्याला दोन, अडीच, तीन, साडेतीन असं सगळं येणार आणि काही तासांत एखादी साडेपाच-सहा मीटरचीही येणार. सर्वांत मोठी लाट दुपटीची धरायची हा नियम त्यातूनच आला. अंदाज चुकला असं तेव्हा म्हणू नका, तो सांगितल्याप्रमाणेच घडलेला असतो.

बुलेटिनमध्ये कधी दोन आकडे येतात, इथल्या वाऱ्याने उठवलेल्या लाटेचा वेगळा आणि स्वेलचा वेगळा. स्वेल म्हणजे दूरच्या वादळात जन्मून इथवर आलेली लांब, गुळगुळीत लाट. या दोन उंचींची सरळ बेरीज होत नाही. वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढायचं. वाऱ्याची लाट २ मीटर आणि स्वेल १.५ मीटर: ४ अधिक २.२५ म्हणजे ६.२५, वर्गमूळ २.५. साडेतीन नाही, अडीच मीटर. फक्त दोन्ही वेगळ्या दिशांनी येत असतील तर त्या अडीच मीटरचा समुद्र आडवातिडवा असतो, आणि एका दिशेच्या अडीच मीटरपेक्षा तो बोटीला जास्त हाणतो.

उंचीइतकंच, किंबहुना छोट्या बोटीसाठी उंचीहून जास्त, महत्त्व आवर्तकाळाला आहे. आवर्तकाळ म्हणजे एका माथ्यापासून पुढच्या माथ्यापर्यंतचे सेकंद. खोल पाण्यात लाटेची लांबी मीटरमध्ये काढायला सेकंदांच्या वर्गाला १.५६ ने गुणा. ५ सेकंदांची लाट ३९ मीटर लांब, १४ सेकंदांची सुमारे ३०६ मीटर. दोन्ही २ मीटर उंच असल्या तरी पहिली नाकावर आदळते आणि दुसरी बोटीला हळूच उचलून ठेवते. तीच दुसरी लाट उथळ पाण्यात, बंदराच्या तोंडावरच्या वाळूच्या दांड्यावर आली की उभी राहून फुटते. म्हणून मोकळ्या समुद्रात कमी सेकंदांना भ्यायचं आणि किनाऱ्यावर जास्त सेकंदांना.

स्वेल किती वेगाने येतो? सेकंदांना दीडने गुणा, नॉट मिळतात. १५ सेकंदांचा स्वेल २२.५ नॉटने सरकतो, म्हणजे १००० सागरी मैल ४४ तासांत. चक्रीवादळ स्वतः बहुधा १० ते १५ नॉटने चालतं. त्यामुळे वाऱ्याचा पत्ता नसताना, आभाळ निरभ्र असताना लांब लाटा येऊ लागल्या आणि त्यांचा आवर्तकाळ इथल्या नेहमीपेक्षा जास्त असला, तर ती वादळाची आगाऊ चिठ्ठी समजा. लाटा ज्या दिशेने येतात त्या दिशेला वादळ आता असेलच असं नाही. लाटा निघाल्या तेव्हा ते तिथे होतं. केरळच्या किनाऱ्यावर अशाच लाटांना 'कल्लक्कडल' म्हणतात, म्हणजे चोरपावलांनी येणारा समुद्र. दक्षिणेच्या थंड महासागरातल्या वादळांपासून हजारो किलोमीटर आलेला स्वेल वारा नसताना घरात पाणी घालतो. मासेमारांनी दिलेलं हे नाव कोणत्याही पाठ्यपुस्तकातल्या व्याख्येपेक्षा नेमकं आहे.

दिशांचा एक सापळा: वारा आणि लाट कुठून येतात ते सांगतात, प्रवाह कुठे जातो ते सांगतात. 'नैर्ऋत्य वारा' आणि 'नैर्ऋत्य प्रवाह' एकमेकांसमोर उभे असतात. असा विरोध झाला की लाटा आखूड आणि उभ्या होतात. दक्षिण आफ्रिकेच्या कडेने नैर्ऋत्येकडे जाणाऱ्या अगुल्हास प्रवाहात नैर्ऋत्य वारा घुसला की मोठमोठ्या जहाजांचे नाळेचे (पुढच्या टोकाचे) पत्रे वाकलेले आहेत. ग्रिबमधल्या लाटेत हा परिणाम बहुधा पुरता उतरत नाही, तो तुमचा तुम्हाला धरावा लागतो.

## ६. आता चार्टवर काढा

बाकीचं सगळं ओझरतं वाचलंत तरी हे करून पाहा. समजा १८ यूटीसीच्या स्थितीवरून असा अंदाज आला आहे:

- आत्ता: १४.० उत्तर, ८७.५ पूर्व
- २४ तासांनी: १६.० उत्तर, ८६.० पूर्व, ३४ नॉट वाऱ्याची त्रिज्या ईशान्येला १२०, आग्नेयेला ११०, नैर्ऋत्येला ८०, वायव्येला ९० सागरी मैल
- ४८ तासांनी: १८.५ उत्तर, ८५.५ पूर्व, सर्वांत मोठी त्रिज्या १४०
- ७२ तासांनी: सर्वांत मोठी त्रिज्या १५०

पहिल्यांदा स्थानं टिपून शेजारी यूटीसी लिहा. मग प्रत्येक ठिकाणी चारपैकी सर्वांत मोठी त्रिज्या घ्या आणि अंदाज चुकण्याची सोय म्हणून तिच्यात २४ तासांना १००, ४८ ला २००, ७२ ला ३०० सागरी मैल मिळवा. हाच खलाशांचा १-२-३ नियम. इथे वर्तुळं २२०, ३४० आणि ४५० मैलांची होतील. त्यांच्या बाहेरच्या कडा जोडा. आतला सगळा भाग वर्ज्य. मग तुमचा मार्ग काढा आणि त्या-त्या वेळी तुम्ही कुठे असाल ते त्याच चार्टवर टिपा. तुमचं ४८ तासांचं स्थान वादळाच्या ४८ तासांच्या वर्तुळाशी ताडून बघायचं, आजच्या वर्तुळाशी नाही. ही चूक फार जण करतात.

अंतर नेहमी बाजूच्या अक्षांशपट्टीवर मोजा, तेही त्याच अक्षांशाच्या आसपास. एक अंश म्हणजे ६० सागरी मैल. वरच्या-खालच्या कडेच्या रेखांशपट्टीवर डिव्हायडर टेकवलात की वर्तुळ चुकलंच म्हणून समजा.

आजकाल २४ ते ७२ तासांच्या मार्गातली सरासरी चूक १००-२००-३०० पेक्षा बरीच कमी असते, मग एवढी जागा कशाला सोडायची, असं कुणी विचारेल. सरासरी चूक म्हणजे निम्म्याच्या आसपास अंदाज त्याहून जास्त चुकले, हे एक उत्तर. दुसरं म्हणजे त्रिज्येचा आकडाही अंदाजच आहे, आणि मोकळ्या समुद्रात तो बऱ्याचदा उपग्रहाच्या एखाद-दोन फेऱ्यांवरून काढलेला असतो.

अंदाजाच्या नकाशावर वादळाच्या वाटेभोवती काढतात त्या प्रसिद्ध शंकूबद्दलही बोलायला हवं. मायामीचा शंकू वादळाचा आकार दाखवत नाही. मागच्या पाच वर्षांतल्या चुका घेऊन, वादळाचं केंद्र तीनपैकी सुमारे दोन वेळा आत राहील एवढी वर्तुळं काढलेली असतात. म्हणजे तीनात एकदा केंद्रच बाहेर जाऊ शकतं, आणि वारा-लाटा तर शंकूच्या बाहेर दूरवर पसरलेल्या असतात. 'आपण शंकूच्या बाहेर आहोत' हे वाक्य ब्रिजवर उच्चारू नये.

मार्गापेक्षा जोराचा अंदाज जास्त चुकतो. २०२३ च्या ऑक्टोबरात 'ओटिस' एका दिवसात साध्या ट्रॉपिकल स्टॉर्मचं पाचव्या श्रेणीचं हरिकेन होऊन अकापुल्कोजवळ धडकलं. चोवीस तासांत ३० नॉटची वाढ झाली की तिला झपाट्याची म्हणतात. कोमट पाणी खोलवर असेल आणि वरचे वारे मंद असतील तर बुलेटिनमधल्या आकड्यावर आणखी एक पायरी चढवून तयारी करा.

## ७. स्वतःचा बॅरोमीटर आणि वारा

उष्णकटिबंधात दाबाला रोजची भरती-ओहोटी असते. स्थानिक वेळेनुसार सकाळी आणि रात्री दहाच्या सुमारास तो चढतो, पहाटे आणि दुपारी चारच्या सुमारास उतरतो. चढउतार साधारण तीनेक हेक्टोपास्कलचा (म्हणजेच मिलिबारचा). नवखा माणूस दुपारी चार वाजता काटा उतरलेला पाहून घाबरतो, किंवा उलट, रात्री दहाला काटा चढायला हवा होता तो चढला नाही हे त्याच्या लक्षातच येत नाही. दुसरी चूक घातक आहे. वहीतल्या कालच्या त्याच वेळेच्या नोंदीशी तुलना करा. त्या मोसमाच्या सरासरीपेक्षा, रोजची भरती-ओहोटी वजा करून, ३ हेक्टोपास्कल खाली गेला तर सावध. ५ खाली गेला तर जवळपास वादळ आहे असंच धरा.

केंद्र कुठे आहे? वाऱ्याकडे तोंड करून उभे राहा. उत्तर गोलार्धात केंद्र तुमच्या उजव्या हाताला आणि किंचित मागे असतं, दक्षिण गोलार्धात डाव्या हाताला.

तुम्ही वाटेच्या कोणत्या बाजूला आहात हे ठरवायचं तर जहाज थांबवा किंवा अगदी मंद करा आणि वारा कसा फिरतो पाहा. घड्याळाच्या दिशेने फिरला तर वाटेच्या उजवीकडे, उलटा फिरला तर डावीकडे. न फिरता दाब उतरत राहिला तर अगदी वाटेवरच. उत्तर गोलार्धात उजवी बाजू धोक्याची, दक्षिणेत डावी. तिथे वादळाचा स्वतःचा वेग वाऱ्यात मिळतो आणि वारा तुम्हाला वाटेत ढकलतो. उत्तर गोलार्धात धोक्याच्या बाजूला असाल तर वारा उजव्या नाळेवर घेऊन निघा. दुसऱ्या बाजूला किंवा वाटेवर असाल तर उजव्या वऱ्हाणावर, म्हणजे मागच्या उजव्या अंगावर घ्या. दक्षिण गोलार्धात उजव्याच्या जागी डावं. पूर्ण वेगात चालत असताना ही परीक्षा करू नका. वादळाला मागून गाठणाऱ्या जहाजावर वारा उलटा फिरल्यासारखा दिसतो आणि निष्कर्षही उलटा निघतो.

## ८. चित्रं आणि मॉडेल यांचा माफक वापर

वादळ होण्याआधीच्या गोंधळाला ९० ते ९९ मधला क्रमांक आणि समुद्राचं अक्षर मिळतं: ९२बी म्हणजे बंगालच्या उपसागरातला, ए अरबी समुद्रातला, डब्ल्यू वायव्य पॅसिफिकमधला, एल अटलांटिकमधला. हा नुसता फाइल-क्रमांक आहे. तो पडला म्हणजे वादळ ठरलं असं नाही. आउटलुकमधली, म्हणजे पुढच्या काही दिवसांच्या पत्रकातली 'मध्यम' शक्यता मायामीच्या भाषेत ४० ते ६० टक्के असते, नवी दिल्लीच्या आउटलुकमध्ये शंभर टक्क्यांच्या तीन सारख्या भागांतला मधला भाग. शब्द सोडून टक्के वाचा. आणि ती शक्यता वादळ होण्याची आहे, तुमच्यावर येण्याची नाही.

ग्रिबमध्ये पाव अंशाची जाळी असेल तर दोन बिंदूंत १५ सागरी मैलांचं अंतर पडतं. वादळाची सर्वांत जोराची वलयाकार भिंत तेवढ्यातच मावते, म्हणून ग्रिबमधलं चक्रीवादळ नेहमी मवाळ दिसतं. बुलेटिन ९० नॉट म्हणतं आणि स्क्रीन ५५ दाखवते, तेव्हा बुलेटिन खरं. पावसाळी ढगाखालचा अर्ध्या तासाचा ४० नॉटचा झोत तर ग्रिबमध्ये कधीच येत नाही.

इन्फ्रारेड चित्रात उंच, थंड ढग पांढरेशुभ्र दिसतात आणि नजर तिकडेच जाते. वरच्या वाऱ्याने ढगांचा डोंगर एका बाजूला ढकललेला असेल तर खालचं खरं केंद्र त्याच्या कडेला उघडं पडलेलं असतं आणि रात्रीच्या चित्रात जवळजवळ दिसत नाही. ढगांच्या मध्यावर केंद्र टेकवू नका, बुलेटिनमधलं स्थान घ्या.

## ९. केव्हा वळायचं, केव्हा परतायचं

प्रत्येक नवं बुलेटिन त्याच चार्टवर, जुनं न खोडता, वेगळ्या खुणेने काढा. तीन-चार बुलेटिनं झाली की अंदाजाची रेघ कोणत्या बाजूला सरकत चालली आहे ते दिसतं. ती सलग तुमच्याकडे सरकत असेल तर पुढचं बुलेटिन यायची वाट न पाहता मार्ग बदला. आज १० अंशांनी वळणं स्वस्त पडतं, परवा तेवढंच अंतर मिळवायला ६० अंश लागतात, आणि तोवर समोरच्या लाटांनी वेग निम्म्यावर आलेला असतो.

वादळाच्या पुढून आडवं निसटायचा मोह आवरा. हिशेबात दोनशे मैल मोकळे दिसतात, पण स्वेलने तुमचा वेग घटतो, वादळ वळल्यावर त्याचा वाढतो, आणि इंजिनाचा एखादा फिल्टर तुंबायलाही हीच वेळ मिळते. थांबा, त्याला जाऊ द्या, मागून जा.

वादळ जमिनीवर चढलं किंवा विरलं की त्याच्या नावाची बुलेटिनं थांबतात. समुद्र तेव्हा शांत झालेला नसतो. उरलेला वारा आणि स्वेल पुन्हा मेटएरियाच्या रोजच्या बुलेटिनमध्ये जातात, म्हणून पहिला आणि तिसरा भाग पुन्हा वाचायला घ्या. बंदराबाहेर पडण्याआधी तोंडावरच्या दांड्यावर १२ सेकंदांच्या वरचा स्वेल फुटत नाही ना, हे एका ओहोटीभर थांबून डोळ्यांनी पाहा.